एका मैलाची किंमत किती? आई-बाबांना एकदा बिझनेस की चार वेळा इकॉनॉमी?

कोथरूड_ते_एडिसन

मंडळी, घरात गेले पंधरा दिवस एकाच विषयावर खल चालू आहे, म्हणून इथे टाकतोय.

आई-बाबा मे महिन्यात पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत येणार. आई ६८, बाबा ७३. आईच्या गुडघ्यांचं विचारू नका. माझ्याकडे चेस या अमेरिकी बँकेच्या कार्डावर साठलेले १,८२,००० पॉइंट आहेत. ते एअर कॅनडाच्या एरोप्लान या मैलांच्या (म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंटांच्या) योजनेत हलवले तर मुंबई-न्यूअर्क थेट विमानात (एअर इंडिया) बिझनेसची सीट माणशी ८७,५०० ला दिसतेय, वर साधारण १०० डॉलर कर आणि फी. म्हणजे दोघांचं एका बाजूचं तिकीट झालं की खडखडाट. नाहीतर युनायटेडमध्ये हलवून एका थांब्याची इकॉनॉमी ४२,००० ला, वर ६० डॉलर. त्यात चार तिकिटं बसतात, म्हणजे दोघांचं जाणं-येणं दोन्ही.

रोख भाडं त्याच तारखांना बिझनेसचं ३,१०० आणि इकॉनॉमीचं ७८० डॉलर दिसतंय, एका बाजूचं.

माझा हिशेब: बिझनेस (३,१०० − १००) ÷ ८७,५०० = पॉइंटमागे ३.४ सेंट. इकॉनॉमी (७८० − ६०) ÷ ४२,००० = १.७ सेंट. बरोब्बर दुप्पट किंमत मिळतेय, मग बिझनेस का नको? बायको म्हणते, हा हिशेब साडीच्या सेलसारखा आहे: पाच हजारांची साडी दोन हजारांत घेतली की तीन हजार वाचले म्हणायचं.

कोण बरोबर?

मिरची_पावडर

वहिनी बरोबर. धागा बंद करा.

हिशेबनीस

वहिनींना नमस्कार सांगा, त्यांनी एका वाक्यात मुद्दा मांडलाय. ३,१०० डॉलर हे कंपनीने छापलेलं भाडं आहे. ते तुम्ही खिशातून कधी दिले असते का? नसते दिले, तर ती तुमच्यासाठी किंमतच नाही. स्वतःला विचारा: पॉइंट नसते तर आईच्या बिझनेस तिकिटाला जास्तीत जास्त किती दिले असते? समजा १,४०० म्हणालात. तर (१,४०० − १००) ÷ ८७,५०० = दीड सेंटसुद्धा नाही, १.४९. तुमच्या इकॉनॉमीच्या १.७ पेक्षा कमी. पारडं उलटलं की नाही?

पॉइंटांवर लिहिणारी जी संकेतस्थळं आहेत ना, 'आम्ही १२,००० डॉलरची सीट फुकट मिळवली' छापाची, त्यांची बरीचशी कमाई कार्डांच्या दलालीतून येते. आकडा जितका मोठा तितकी कार्डं जास्त खपतात. त्यांचं गणित आपल्या घरी आणू नये.

हौशी_वैमानिक

हिशेबनीस, थोडा असहमत. माणूस जे विकत घेत नाही त्याचीही त्याला किंमत असते. मी कधी हापूसची अख्खी पेटी घेत नाही, पण कुणी दिली तर नाही थोडंच म्हणतो? शिवाय 'किती दिले असते' हे आई पंधराव्या तासाला पाय धरून बसलेली असताना विचारा आणि आरामात सोफ्यावर बसून विचारा, उत्तरं वेगळी येतील.

ठाण्याची_ठकी

शीर्षक घाईत 'मैल्याची किंमत' असं वाचलं. म्हटलं महानगरपालिकेचा विषय दिसतोय.

मिरची_पावडर

ठकीताई 😂 काही कंपन्यांचे मैल तसेच झालेत आता, काही फारसं चुकलं नाही तुमचं.

अर्धवट_सीए

दोघंही अवघड करताय राव. चेसचे पॉइंट आहेत, कुठल्या विमान कंपनीचे मैल नव्हेत, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आणि त्यावरून सगळे पुढे निघून गेले. चेसचा पॉइंट एक सेंटने रोख मोडता येतो. म्हणजे धागाकर्त्याकडे मैल नाहीत, १,८२० डॉलर आहेत. आता सगळं डॉलरमध्ये मांडा.

बिझनेस पॉइंटवर: ८७५ + १०० = ९७५ डॉलर.
इकॉनॉमी पॉइंटवर: ४२० + ६० = ४८० डॉलर.
इकॉनॉमी रोखीने: ७८० डॉलर.

प्रश्न इतकाच: आईला सोळा तास आडवं पडता यावं म्हणून तुम्ही ४९५ डॉलर जास्त द्याल का? थेट विमानाची रोखीची इकॉनॉमी घेणार असाल तर फरक फक्त १९५ चा. सेंट-बिंट विसरा. ३.४ आणि १.७ मध्ये 'दुप्पट' दिसतं, पण ती दुप्पट तुमच्या खिशात येत नाही.

कोथरूड_ते_एडिसन

सीएसाहेब, हे असं कुणी मांडलंच नव्हतं. ४९५ डॉलर. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "हो, मग ठीक आहे," आणि चहा ठेवायला गेली. पंधरा दिवसांचं भांडण!

हिशेबनीस

सीएंचं मान्य. पण हे अशाच पॉइंटांना लागू होतं जे मोडता येतात. थेट युनायटेडचे किंवा डेल्टाचे मैल असतील तर त्यांना असा तळ, म्हणजे किमान किंमत, नाही. उद्या कंपनीने दर वाढवला तर बसा बोंबलत. युनायटेडने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपला तक्ता (कुठल्या प्रवासाला किती मैल याचा) काढून टाकला, डेल्टाने तर २०१५ मध्येच. आता भाडं वाढलं की मैलही वाढतात, किती ते त्या दिवशी कळतं. लोक डेल्टाच्या मैलांना, म्हणजे स्कायमाइल्सना, 'स्कायपेसो' म्हणतात ते उगाच नाही.

जुना_जाणता

मुळात 'मैल' हा शब्दच आता नावापुरता उरलाय. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ ला अ‍ॅडव्हांटेज ही मैलांची योजना सुरू केली तेव्हा खरंच उडालेले मैल मोजायचे. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड, २०१६ मध्ये अमेरिकन, सगळे तिकिटावर किती पैसे घातले त्यावर आले. आता विमानात न बसता वाण्याचं बिल भरून मैल मिळतात आणि कंपनी ते मैल बँकेला विकून पैसे कमावते. २०२० मध्ये विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेडने ६.८ अब्ज डॉलरचं कर्ज उभं केलं, तारण काय? मायलेजप्लस! विमानं नव्हे, आपण साठवलेल्या मैलांचा कारभार. डेल्टाने त्याच वर्षी स्कायमाइल्सवर ९ अब्ज काढले.

थोडक्यात, हे खासगी चलन आहे. छापणारा तोच, भाव ठरवणारा तोच आणि दुकानही त्याचंच. साठवून ठेवायची वस्तू नव्हे.

लंडनची_लता

आमच्याकडचं सांगते. इथे एव्हिऑस नावाच्या पॉइंटांचा संसार. ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, कतार, फिनएअर सगळ्यांचे एकच, एकमेकांत हलवता येतात. पण बिझनेसमध्ये पॉइंट कमी लागले तरी वर सरचार्ज लागतो तो बघून घ्या, 'फुकट' तिकिटावर काहीशे पौंड सहज होतात. त्यात आमचं सरकार: लंडनहून निघताना लांब पल्ल्याला एअर पॅसेंजर ड्यूटी. २०२५-२६ च्या दराने मुंबईसाठी इकॉनॉमीला ९० पौंड, त्यावरच्या वर्गाला २१६. पॉइंटवर काढलं तरी सुटका नाही.

गंमत अशी की हा कर ब्रिटनमधून *निघताना* लागतो, येताना नाही. म्हणून आम्ही उलटं करतो. जाताना इकॉनॉमी, मुंबईहून परत येताना पॉइंटवर बिझनेस. तसंही सासरच्या तीन आठवड्यांनंतर झोपेची गरज परतीलाच जास्त असते.

मिरची_पावडर

लताताई, शेवटचं वाक्य सासरच्यांच्या वाचनात येऊ नये म्हणजे झालं.

लंडनची_लता

सासूबाई याच संकेतस्थळावर आहेत. पाककृतींच्या विभागात.

दुबईकर_मालवणी

आमचं दुबई-मुंबई तीन तासांचं. त्याला बिझनेस म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. जेवण येईपर्यंत अर्धा रस्ता संपतो. मी एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचे मैल साठवून ठेवले होते, म्हटलं एकदा बायकोला फर्स्टमध्ये बसवायची, विमानातल्या न्हाणीघरात आंघोळ करीत अमेरिकेस नेयन. आणि मग २०२५ च्या मे महिन्यात नियम आला, फर्स्टची मैलांवरची सीट फक्त सिल्व्हर नि वरच्या सभासदांना. आमची सगळ्यात खालची निळी चिठी. आता बायको म्हणते, "तुमचां ता न्हाणीघर खंय गेलां?"

नागपूरचा_संत्री

काका, नरिमन पॉइंटला सोडून सगळे पॉइंट वापरून टाकायचे असतात, साठवायचे कायले?

पुण्यातच_आहे

परदेशातल्या मंडळींचे लाखालाखांचे आकडे वाचून जळफळाट होतो. भारतातली गत सांगतो. आमच्याकडे २०२३ पर्यंत एका बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाख रुपये खर्चले की वर २५,००० पॉइंट मिळत आणि ५ पॉइंटांचे ४ मैल या दराने विमान कंपन्यांत जात. पुण्यातली अर्धी सोसायटी मेंटेनन्स एकाच कार्डावर भरत होती, शेजारचे काका सगळ्यांची बिलं गोळा करत हिंडायचे. १ सप्टेंबर २०२३ ला तो बोनस गेला आणि दर ५ ला २ झाला. त्या ऑगस्टमध्ये आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे चाललं होतं ते नोटाबंदीच्या आदल्या रात्रीसारखं होतं.

मी एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डवाला. त्यांच्या स्मार्टबाय संकेतस्थळावर पॉइंट एक रुपयाने जातो, म्हणजे सीएंनी सांगितलेला तळ आम्हालाही आहे. मैलाला एक रुपयाच्या वर मिळत असेल तरच हलवतो. बाकी आकाशात उडायची हौस नाही.

जुना_जाणता

पुणेकर, अगदी. आणि लक्षात असू द्या, ही लाट नवी नाही. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका स्थापत्य अभियंत्याने पुडिंगचे १२,००० च्या वर डबे घेतले, कंपनीच्या बक्षीस-योजनेत त्यावरची लेबलं पाठवून साडेबारा लाख मैल मिळवले. खर्च ३,१४० डॉलर. पुडिंग दान केलं, बदल्यात लेबलं सोलायला माणसं मिळाली. पुढे अमेरिकन टांकसाळ डॉलरची नाणी घरपोच देत होती, टपालखर्च न घेता, क्रेडिट कार्डावर. लोक पेट्याच्या पेट्या मागवायचे, तशाच बँकेत भरायचे आणि कार्डाचं बिल चुकवायचे. मैल फुकट! २०११ मध्ये टांकसाळीने कार्डं बंद केली.

ठाण्याची_ठकी

म्हणजे पुडिंगच्या जागी चितळ्यांच्या बाकरवडीची पाकिटं असती तर अख्खा कोथरूड आज बिझनेसमध्ये असता.

पेन्शनर_७४

मी स्वतः तो 'बाबा' आहे, ज्याच्यासाठी तुम्ही सगळे भांडताय, म्हणून लिहितो.

मुलाने दोन वर्षांपूर्वी मला आणि हिला असंच पॉइंटवर वरच्या वर्गात आणलं. मुंबईहून युरोपात एक थांबा, मग अमेरिका. कंपनीचं नाव घेत नाही. पहिल्या विमानात माझी सीट आडवी होईना. बटण दाबलं की पाठ जायची, पायाकडचा भाग तिथेच. ती बिचारी मुलगी गुडघ्यावर बसून काहीतरी खटपट करत होती, शेवटी हाताने ओढून तिने ती सरळ केली आणि म्हणाली, आता उतरेपर्यंत अशीच राहू द्या. म्हणजे मी चहासुद्धा आडव्यानेच प्यायलो. बायकोची सीट चालत होती, पण तिच्या-माझ्यात एक भिंत. ती भिंतीवरून डोकावून दर अर्ध्या तासाने विचारायची, "झोपलात का?"

पण खरा त्रास थांब्याचा झाला. व्हीलचेअर सांगितलेली होती, ती आली, मग एका खोलीत आम्हाला पंचवीस जणांसोबत बसवलं. पुढची गाडी कधी येणार कुणाला माहीत नाही, भाषा कळत नाही, हिच्या औषधाची वेळ टळली. बिझनेसच्या तिकिटावर लाउंज होतं म्हणे. आम्ही ते पाहिलं नाही.

परतीला मुलाने थेट विमानाची इकॉनॉमी काढली. दोघांना कडेच्या, मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सीट. दर दोन तासांनी उठून मागे जाऊन उभा राहत होतो, तिथे एक सोलापूरचे गृहस्थ भेटले, त्यांच्याशी ऊसदरावर गप्पा झाल्या. पाय सुजले, नाही असं नाही. पण मला विचाराल तर थेट विमान आधी, मग वर्ग.

कोथरूड_ते_एडिसन

काका, फार मोलाचं लिहिलंत. आमचं बिझनेस थेट आहे आणि इकॉनॉमी थांब्याची, म्हणजे तुमच्या हिशेबाने निकाल लागलाच म्हणायचा.

हौशी_वैमानिक

पेन्शनर काकांच्या 'भिंती'वरून एक. विमान कुठलं आहे ते बघूनच सीट घ्या. एअर इंडियाच्या नव्या ए३५० वर बिझनेसची मांडणी १-२-१ आहे (कडेला एकेक, मधे दोन सीट), दार असलेली खोलीच जणू. जुन्या मांडणीच्या ७७७-३००ईआर वर २-३-२. उडणारे सगळे २-३-२ ला नावं ठेवतात, कारण खिडकीवाल्याला शेजाऱ्याला ओलांडून जावं लागतं. पण सत्तरीच्या जोडप्याला शेजारी-शेजारी बसून एकमेकांचं पांघरूण नीट करायचं असतं. त्यांना ती जुनी मांडणीच बरी. आणि १-२-१ मिळालं तर मधल्या दोन घ्या.

बे_एरिया_बाई

माझे दोन पैसे, आणि ते महत्त्वाचे आहेत: पॉइंट आधी हलवू नका. चेसवरून एरोप्लानला गेलेले पॉइंट परत येत नाहीत. माझ्या मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी सीट स्क्रीनवर दिसली म्हणून १,२०,००० हलवले, 'बुक' दाबलं तर एरर. फोन केला तर ती सीट नव्हतीच, नुसती दिसत होती. आता ते मैल तिथे बसलेत, तिला तिथे जायचं नाही. कुठली कंपनी ते सोडा, हे सगळीकडे होतं. आधी फोन करून सीट खरी आहे ना ते विचारा. दोन ठिकाणी तपासा, युनायटेडवरही तीच सीट दिसतेय का बघा.

आणि तुम्ही न्यूअर्कचे नशीबवान. एरोप्लानचा दर अंतराच्या टप्प्यांवर आहे. न्यूअर्क-मुंबई साधारण ७,८०० मैल, म्हणजे ८,००० च्या आत. २०२० मध्ये नवीन तक्ता आला तेव्हा हा टप्पा ८५,००० चा होता, मग थोडा चढला. आमचं सॅन फ्रान्सिस्को ८,४०० च्या घरात, म्हणून वरचा टप्पा. सहाशे मैलांसाठी किती जास्त घेतात ते बघितलं की वाटतं न्यूजर्सीला भाड्याने खोली घ्यावी.

अटलांटाचा_अण्णा

अमेरिकनचे मैल असतील त्यांच्यासाठी: अमेरिका ते भारत बिझनेस, कतारवरून, तक्त्यात ७०,००० एका बाजूला. सरचार्ज नाही. इथून निघताना अमेरिकेचा सुरक्षा कर ५ डॉलर ६० सेंट आणि वर किरकोळ. एका मैलाला मिळणारी ही सगळ्यात भारी किंमत आहे असं माझं मत.

हिशेबनीस

अण्णा, ७०,००० ला सीट *दिसते* कधी? मी आठ महिने बघतोय. दात आहेत तर चणे नाहीत. तक्ता उत्तम, सीट नाही. मैलाची किंमत काढताना 'मिळायची शक्यता' हा गुणक कुणीच धरत नाही. चारातून एकदा मिळणारी ३ सेंटची सीट आणि केव्हाही मिळणारी दीड सेंटची सीट, यात मला दुसरी चालेल. शाळेच्या सुट्टीवर बांधलेल्या लोकांनी तर तक्ते बघूच नयेत.

अटलांटाचा_अण्णा

दिसते हो. एकतर साधारण वर्षभर आधी किंवा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत. मी फेब्रुवारीत जातो. लग्नसराई नाही, सुट्टी नाही, मुलं मोठी झाली.

हिशेबनीस

म्हणजे मैलाची किंमत मुलं मोठी झाल्यावर वाढते.

चकलीवाली

सगळ्यांनी पाय, पाठ, सेंट सगळं काढलं. बॅगांचं कुणीच नाही?? बिझनेसला माणशी ३२ किलोच्या दोन. इकॉनॉमीला २३ च्या दोन. दोघांचे मिळून ३६ किलो जास्त! गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, नाचणी, पापड, नातवाची दुपटी. ३६ किलो म्हणजे अख्खं एक वर्ष. लोणचं मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, वर दोन पिशव्या, आणि मटण-मासळीचं काही नको, अमेरिकेत उतरल्यावर खायच्या वस्तू आहेत म्हणून सरळ सांगायचं.

अर्धवट_सीए

ताई, ३६ किलोंची किंमत ४९५ × २ मधून वजा करायची राहिली माझी. चूक मान्य.

दुबईकर_मालवणी

आणि सुको बांगडो?

चकलीवाली

दादा, वर काय लिहिलं मी?

फोंड्याचो

मालवणी भाऊ, बांगडो दुबईपर्यंत ठीक. पुढे न्यायचा नाही.

टोरांटोची_मावशी

एक बारीक गोष्ट. पॉइंट मुलाचे असले तरी तिकीट आईबाबांच्या नावाने काढता येतं, एरोप्लानला काही अडत नाही. पण सगळीकडे असं नाही. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये आधी पाच जणांची नावं नोंदवावी लागतात, त्यांनाच सीट काढता येते. शिवाय त्यांचे मैल तीन वर्षांत संपतात. आणि एरोप्लानवर दुसऱ्या कंपनीचं विमान घेतलं की ३९ कॅनेडियन डॉलर फी आहे, ती त्या १०० मध्ये धरली असेलच तुम्ही. उलट फायदाही एक आहे, ५,००० पॉइंट जास्त दिले तर वाटेत एका गावी थांबता येतं.

पेन्शनर_७४

थांबा नको. वर लिहिलं आहे.

टोरांटोची_मावशी

काका 🙏 तुमच्यासाठी नव्हतं ते.

कोथरूड_ते_एडिसन

(तीन आठवड्यांनी) धागा वर काढतोय, कारण नवीन पेच आहे.

बे एरिया बाईंनी सांगितल्याप्रमाणे फोन केला. सीट खरी आहे. पण एकच. १४ मेला दोन दिसत होत्या, मी इथे वाद घालत बसलो आणि एक गेली. आता १४ ला आई बिझनेसमध्ये आणि बाबा त्याच विमानात रोखीच्या इकॉनॉमीत, असा पर्याय आहे. बाबा म्हणतात तिला बसव. आई म्हणते, "मी परक्या माणसाशेजारी झोपणार नाही, आणि हे मागे बसून काय खातील ते मला कळणार नाही." बाबांना मधुमेह आहे.

मिरची_पावडर

बाजारात तुरी.

अर्धवट_सीए

९७५ + ७८० = १,७५५. दोघांची बिझनेस १,९५०. फरक १९५, आणि ९४,५०० पॉइंट शिल्लक. गणिताने एक-एक चांगलं आहे. पण तुमच्या आईंपुढे मी गणित मांडणार नाही.

पेन्शनर_७४

वेगवेगळे बसवू नका. माझी भिंत आठवा.

हौशी_वैमानिक

तारीख सोडा ना. आई-बाबा निवृत्त आहेत, मे महिन्याचाच आग्रह का? मेचा शेवट, जूनचा पहिला आठवडा, मंगळवार-बुधवार बघा. भारतातून अमेरिकेत येणाऱ्यांची गर्दी मे-जूनमध्ये असतेच, पण मधल्या वारांना एखादी जोडी सुटते.

कोथरूड_ते_एडिसन

मेचा आग्रह आमचा नाही. १९ मेला मुलीची बालवाडी संपतेय, तिला टोपी घालून स्टेजवर नेणार आहेत. आजीला ते बघायचं आहे.

लंडनची_लता

मग १९ मेच्या आधीचाच कुठलाही दिवस बघा, एप्रिलसुद्धा. उरलेले दिवस आजी-आजोबा राहतील की. तुमच्या बायकोला मात्र विचारा.

कोथरूड_ते_एडिसन

(पाच दिवसांनी) ६ मे, बुधवार, दोन सीट मिळाल्या. आधी फोन, मग पॉइंट हलवले, चार मिनिटांत आले, त्याच फोनवर तिकीट काढलं. १,७५,००० गेले, आता खात्यात ७,००० उरलेत. परतीचं ऑक्टोबरात रोखीने, थेट, इकॉनॉमी, कडेच्या सीट, काकांच्या सल्ल्याने.

आईला सांगितलं तर झोपायच्या सीटबद्दल एक शब्द नाही. "बत्तीस म्हणजे प्रत्येकी की दोघांत?" प्रत्येकी दोन, म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग बाबांना हाक, "अहो, माळ्यावरची ती मोठी बॅग काढा." काल फोनवर सांगत होती की कुळथाचं पीठ दळायला टाकलंय. मे यायला अजून दहा आठवडे आहेत.

आता प्रश्न: घरी ३२ किलोची बॅग तोलायला काय वापरता? बाबांनी न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहून बघितलं, काट्याची काच गेली.

चकलीवाली

लटकवायचा हातातला काटा मिळतो, बोहरी आळीत बघा. पण ३२ किलो उचलून धरणार कोण? बाबांना सांगू नका उचलायला.

पुण्यातच_आहे

खालच्या भंगारवाल्याला चहा द्या, त्याचा काटा वर येतो. आमच्या सोसायटीत सगळे तेच करतात.